रोज पापाची तिकटी ओलांडतो, तरी ‘तिकटी’ सुचली नाही

गुजरीतला हिशेबनीस · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात, गुजरीत एका सराफाकडे हिशेब लिहितो. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसतो. चार महिने झाले. अर्ध्याच्या पुढं जातो, पण पूर्ण सुटलेलं कोडं महिन्यातून एखादंच. मला हे मनापासून शिकायचं आहे, म्हणून विचारतोय.

गेल्या गुरुवारचं सांगतो. १४ आडवा : ‘तीन रस्ते एकत्र मिळतात ती जागा’, तीन घरं. मला एकच शब्द येत होता, तिठा. तो दोन घरांचा. पहिलं घर ‘ति’ मिळालं होतं, तरी पुढं काही सरकेना. पेपर घरी घेऊन आलो. आई मेथी निवडत बसली होती. तिनं उभ्या आयुष्यात शब्दकोडं सोडवलेलं नाही. मी सहज मोठ्यानं वाचलं, तर मान वर न करता म्हणाली, “तिकटी की रे. रोज जातोस की पापाच्या तिकटीवरनं.”

खरंच रोज जातो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मिरजकर तिकटीला तर माझा मावसभाऊ राहतो. इतकी वर्षं तो शब्द माझ्यासाठी फक्त पत्ता होता. त्याला अर्थ आहे, ‘ति’ म्हणजे तीन, हे डोक्यातच आलं नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. शब्द माहीत असूनही अर्थाच्या बाजूनं गेलं की हाताला लागत नाही, असं का होतं?

दुसरी अडचण याच्या उलट आहे. ‘सोने’, तीन घरं. हा तर माझ्या रोजच्या कामातला शब्द. मी लगेच पेनानं ‘सुवर्ण’ लिहून टाकलं. त्याच पहिल्या घरातून खाली ६ उभा होता : ‘थंडीचे दिवस’, तीन घरं. हिवाळा सोडून दुसरं काय असणार? पण तिथं ‘सु’ बसलेला. मी अर्धा तास ‘सु’नं सुरू होणारा थंडीचा शब्द शोधत बसलो. सोन्याचं उत्तर निघालं हिरण्य. म्हणजे खात्री होती त्या शब्दावर मी शंका घेतली आणि अंदाजानं लिहिलेल्यावर विश्वास ठेवला.

तिसरं, ऱ्हस्व-दीर्घ. पेपरातल्या कोड्यात ते पाळतात की नाही, यावरच माझे दोन-तीन शब्द रोज अडतात.

तर अर्थावरून शब्दाकडं जायची काही रीत आहे का? का नुसतं वाचन वाढवायचं? कुणी पुष्कळ वर्षं सोडवत असेल तर कृपया सविस्तर सांगा. घाई नाही.

---

दुसरं प्रूफ · मंगळवार, रात्री ११:१५

तुमचा प्रश्न वाचला आणि उद्यापर्यंत थांबवेना. मी चोवीस वर्षं लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा लागले आणि संगणक आल्यावरही काही वर्षं होते. शब्दकोडी तपासायचं काम माझ्याकडं असायचं, त्यामुळं कोडं दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

आधी तिकटीचं. शब्दकोश अकारविल्हे असतो. शब्द ठाऊक असेल तर अर्थ सापडतो. तुम्हाला वाट हवी आहे ती उलटी, अर्थाकडून शब्दाकडं. आपल्याकडं अशा वाटेनं रचलेला जुना ग्रंथ म्हणजे अमरकोश. त्याची तीन कांडं आहेत आणि आत स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वैश्यवर्ग असे वर्ग. शब्द अर्थाच्या गठ्ठ्यानं येतात. तुमचं सोनंच घ्या, वैश्यवर्गात एका दमात येतं : स्वर्ण, सुवर्ण, कनक, हिरण्य, हेम, हाटक, आणि पुढं चामीकर, जातरूप, कांचन. आता घरं मोजा. दोन घरांचे स्वर्ण आणि हेम. तीन घरांचे सुवर्ण, कनक, हिरण्य, हाटक, कांचन. चार घरांचे चामीकर, जातरूप. तीन घरांच्या सोन्याला पाच उत्तरं असताना तुम्ही एक पेनानं लिहिलंत. हिवाळ्याला मात्र एकच उत्तर होतं. ज्याला एकच उत्तर, ते आधी लिहायचं. ज्याला अनेक, त्याच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक टिंब ठेवून पुढं जायचं. माझ्या सगळ्या अनुभवात याहून उपयोगी सवय दुसरी नाही.

वहीही अशीच अर्थवार करा. एक पान पाण्याचं : जल, नीर, तोय, पय दोन घरांचे, उदक, सलिल, जीवन तीन घरांचे. हो, जीवन म्हणजे पाणीसुद्धा, आणि कोडी रचणाऱ्यांना हा शब्द फार प्रिय आहे. एक पान आकाशाचं करा आणि त्यात अंबर लिहिताना पुढं ‘वस्त्रही’ अशी खूण करा. कर म्हणजे हात, किरण आणि सरकार घेतं तो. द्विज म्हणजे पक्षी, दात आणि ब्राह्मण. एक पान अष्टप्रधानांचं ठेवा : पेशवा म्हणजे पंतप्रधान, मुजुमदार म्हणजे अमात्य, सुरनीस म्हणजे सचिव, डबीर म्हणजे सुमंत. आणि एक पान निव्वळ आपल्या गावच्या नावांचं ठेवा. तिकटी, पेठ, तालीम, मंडप, वेस. पत्ता म्हणून उच्चारतो त्या प्रत्येक शब्दाला एकदा ‘म्हणजे काय?’ असं विचारायचं. तुमच्या आईला ते विचारावं लागलं नाही, कारण त्यांच्या लेखी तिकटी हा अजून शब्दच आहे.

व्याख्या वाचताना तिचं शेवटचं पद पकडा. ‘…ती जागा’ म्हटलं की उत्तर ठिकाणाचं नाव, ‘…ते साधन’ म्हटलं की वस्तू. पण ‘ती’ आहे म्हणून उत्तर स्त्रीलिंगीच असणार असं धरू नका. तिठा पुल्लिंगी आहे, तरी जागाच. विशेषणात मात्र लिंग चुकत नाही : ‘काळी’ विचारलं तर सावळी येईल, सावळा नाही. ‘पाहणे’ विचारलं तर शेवटचं घर बहुधा ‘णे’, म्हणजे बघणे, निरखणे, न्याहाळणे. ते ‘णे’ आधी लिहून टाका, एक घर फुकट मिळतं. शेवटी उत्तर एखाद्या वाक्यात व्याख्येच्या जागी घालून बघायचं. ‘रिक्षा तिकटीवर थांबली.’ बसलं, म्हणजे बरोबर.

आता ऱ्हस्व-दीर्घ, माझा जिव्हाळ्याचा विषय. आपल्या कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरही एकाच घरात, आणि रफार ज्याच्या डोक्यावर त्याच्याच घरात. म्हणून कोल्हापूर चार घरांचं आणि सुवर्ण तीन घरांचं. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं, तेव्हा त्यांच्या घरात सुटं एकच इंग्रजी अक्षर होतं. आपल्या घरात स्वरही आयता मिळतो. त्यामुळं ज्याला शुद्धलेखन येतं, त्याला प्रत्येक छेदणाऱ्या घरातून दुप्पट माहिती मिळते.

नियम थोडेच लागतात. शब्दाच्या शेवटच्या घरात इकार-उकार असेल तर तो दीर्घ : कवी, गुरू, पाटी. अपवाद आणि, नि, आणि तथापि, परंतु यांसारखी संस्कृतातून आलेली अव्ययं. म्हणजे एखाद्या आडव्या शब्दाच्या शेवटच्या घरातून उभा शब्द सुरू होत असेल आणि तिथं ‘व’ला वेलांटी असेल, तर उभा शब्द वीणा, वीज, वीट असाच निघणार, विहीर निघणार नाही. मराठी शब्द अकारान्त असेल तर त्याच्या शेवटून दुसऱ्या घरातला इकार-उकार दीर्घ : ऊस, गूळ, आणि गावाच्या नावातला पूर, म्हणजे आपलं कोल्हापूर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र मूळ रूपात राहतात. त्यामुळं शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. पिक म्हणजे कोकीळ, पीक शेतातलं.

या शेवटच्या जोडीनं मला एकदा फार मनस्ताप दिला. एका दिवाळी अंकाचं कोडं होतं. आडवा ‘कोकीळ’, दोन घरं, आणि त्याच पहिल्या घरातून खाली ‘पीठ’. पिकातला ‘पि’ ऱ्हस्व आणि पिठाचा ‘पी’ दीर्घ. एका घरात दोन्ही कसे बसणार? दोन्ही प्रुफं मी स्वतः वाचली होती आणि माझ्या नजरेतून ते निसटलं. अंक बाहेर पडल्यावर सात-आठ वाचकांची पत्रं आली. ती पत्रं मी ठेवून दिली आहेत. प्रत्येकानं ते घर पुन्हा पुन्हा खोडून पाहिलं असणार, हे आजही मनाला लागतं.

सगळे पेपर हे पाळतात का? नाही. काही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेतात. आठवडाभर तुमच्या पेपरातली उत्तरं तपासा, म्हणजे कळेल. सूट घेत असतील तर वेलांटीवर विसंबू नका, नुसतं व्यंजन धरा.

कोश घ्यायचाच तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती मराठी-इंग्रजी आहे आणि ती आता इंटरनेटवर शोधता येते. त्यात इंग्रजी अर्थ टाकून मराठी शब्द शोधायचा, म्हणजे तीच उलटी वाट.

---

कागलकडचा · बुधवार, सकाळी ६:५०

काकूंनी लई मोलाचं लिहिलंय. मी एकच गोष्ट जोडतो. व्याख्याच चुकीची असेल तर काय करायचं?

आमचं गुऱ्हाळ आहे, आजोबांपासूनचं. मागं एका कोड्यात आलं होतं : ‘उसाची मळी’, तीन घरं. उत्तर छापलं काकवी. भावा, मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मळी आणि काकवी यात जमीन-अस्मानाचा फरक. रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाड पेटलेलं असतं. रस तापला की घाण वर येते, ती मळी. भेंडीच्या रोपाचा चिकट रस घातला की ती चांगली गोळा होते आणि आम्ही झाऱ्यानं काढून टाकतो. मग रस आटत जातो, मधासारखा होतो, तेव्हा बाजूला काढला तर ती काकवी. भाकरीबरोबर खातात ती. आणखी आटवून गुळव्यानं पाण्यात थेंब टाकून गोळी झालेली बघितली, की काहील उतरवायची आणि गूळ वाफ्यात ओतायचा. म्हणजे मळी टाकून द्यायची आणि काकवी पोरांनी भांडून खायची. एकीच्या जागी दुसरी कशी लिहिली?

ज्यानं लिहिलं त्यानं काहील बघितलेली नसणार. पण सोडवणाऱ्यानं काय करायचं? मी तेव्हा ‘काकवी’ लिहिलंच नाही, कारण मला खरं माहीत होतं. आणि कोडं अडलं. तेव्हापासनं मी एक करतो. व्याख्या वाचली की स्वतःला विचारतो, हे लिहिणाऱ्याला कितपत माहीत असेल? धंद्यातल्या माणसाला जे माहीत असतं ते बाजूला ठेवावं लागतं. जिवावर येतं, पण ठेवावं लागतं.

तुमच्या तिकटीच्या उलटंही होतं. ‘गुळाचा मोठा गड्डा’, दोन घरं. आमच्याकडं आणि कोल्हापूरच्या गूळ बाजारात त्याला रवा म्हणतात. तीस किलोचा रवा, दहा किलोचा रवा. मी रवा लिहिलं. उत्तर ढेप. म्हणजे एकदा गावचा शब्द तारतो, एकदा बुडवतो. काकूंच्या वहीत गावच्या शब्दांपुढं पुस्तकी शब्दही लिहा, आणि पुस्तकी शब्दांपुढं गावचा. रवा-ढेप, तिकटी-तिठा, अशा जोड्या.

---

रंकाळा फेरी · बुधवार, सकाळी ८:०५

मी थोडं वेगळं म्हणेन. सोडवताना कोश उघडूच नका. कोश रात्री, कोडं संपल्यावर. सोडवताना कोश हातात असला की आठवायचा प्रयत्न मन सोडून देतं. अडलेल्या तीन-चार व्याख्या पाठ करायच्या, पेपर घरी ठेवायचा आणि रंकाळ्याला एक फेरी मारायची. माझे निम्मे शब्द पदपथावर सुटतात. व्याख्या मोठ्यानं म्हणायची हे मात्र अगदी खरं. तुमच्या आईंनी ती ऐकली, वाचली नाही, म्हणून चटकन उत्तर दिलं असं मला वाटतं. कानावर पडलं की बोलण्यातला शब्द येतो, डोळ्यांनी वाचलं की पुस्तकातला.

आणि गाळलेल्या जागांपासून सुरुवात करा. ‘पाण्यात राहून ___ वैर’ अशी म्हण असली की ‘माशाशी’ लिहून पक्की तीन घरं मिळाली. तिथून पुढं.

---

दुसरं प्रूफ · बुधवार, सकाळी १०:३०

कागलकडचे, मळी-काकवीचा फरक इतका नीट मी कुठल्या कोशात वाचला नव्हता. हे लिहून ठेवते. रंकाळा फेरी, कोश रात्री हे मान्य. मी तो सोडवून झाल्यावरच बघावा असं लिहायला हवं होतं.

---

गुजरीतला हिशेबनीस · शुक्रवार, रात्री १०:२०

काकू, कागलकडचे दादा, रंकाळा फेरी, तिघांचे मनापासून आभार. तीन दिवस तुमच्या सांगण्याप्रमाणं केलं, ते सांगतो.

दुकानातली जुनी खतावणी होती, मागची चाळीस पानं कोरी. तीच वही केली. पहिलं पान सोन्याचं, घरांच्या संख्येप्रमाणं तीन रकाने पाडून. मालकांनी बघितलं आणि त्यांनी स्वतः चांदीचे शब्द सांगितले : रुपे, रजत, रौप्य. दुसऱ्या पानावर गावचे शब्द. तिकटीपुढं तिठा लिहिलं, रव्यापुढं ढेप. पेन कपाटात ठेवलं.

बुधवारी आणि गुरुवारी पेपरातली आदल्या दिवसाची उत्तरं तपासली. आमच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घ पाळतात. दोन्ही दिवसांत एकही छेद चुकलेला नाही. हे कळल्यावर फार मोकळं वाटलं, कारण आता वेलांटीवर विश्वास ठेवता येतो.

आजच्या कोड्यात, काकू, तुमचा पक्षी आला. ११ आडवा : ‘कोकीळ’, दोन घरं. तुमचं लिहिलेलं आठवत होतं, तरी घाई केली नाही, टिंब ठेवलं. त्याच घरातून ११ उभा : ‘तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू’, तीन घरं. धातूचं मला कुणी सांगायला नको. पितळ. एकच उत्तर. ते आधी लिहिलं, ‘पि’ ऱ्हस्व मिळाला, आणि मग आडवं पिक लिहिलं. त्या दोन घरांकडं मी बराच वेळ बघत बसलो. तुमच्या दिवाळी अंकात जे घर बसलं नव्हतं, ते इथं बसलं होतं.

‘पाणी’, तीन घरं, हेही होतं. उदक, सलिल, जीवन तिन्ही पेन्सिलीनं बाजूला लिहिले. मधलं घर ‘व’ आलं, म्हणून जीवन. आधी असतो तर उदक लिहून बसलो असतो.

सगळं सुटलं, एक सोडून. २३ उभा : ‘लग्नात नवरीच्या पाठराखणीच्या हातातला पाण्याचा लहान कलश’, दोन घरं, दुसरं घर ‘रा’. व्याख्या पाठ केली, मोठ्यानं म्हणत पंचगंगेच्या घाटापर्यंत जाऊन आलो. आलं नाही. कोश उघडलेला नाही. आई झोपली आहे, सकाळी वाचून दाखवतो.